नारंगी जाकीट येईपर्यंत

"चौतीस वर्षांत माझ्या फाटकावर एक शेळीसुद्धा गाडीखाली आली नाही! आणि तू मला 'सांभाळून जा' म्हणतेस?"

यशपालकाका बनसोडे हे वाक्य बोलले तेव्हा रविवारचे सकाळचे साडेपाच वाजले होते. काकांच्या डोक्यावर हेल्मेट होतं. गुडघ्यांना प्लॅस्टिकच्या वाट्या बांधल्या होत्या, आणि डाव्या गुडघ्याची वाटी उजव्या गुडघ्यावर होती. समोर शुभदाकाकू डबा घेऊन उभ्या होत्या.

"मी शेळीबद्दल बोलतच नाहीये," काकू म्हणाल्या. "तुमच्याबद्दल बोलतेय. वय किती झालं?"

"एकसष्ट."

"आणि निघालात कुठं?"

"मुलीबरोबर फिरायला!" असं म्हणून काकांनी छाती फुगवली, त्यासरशी छातीवरच्या चिलखताचा पट्टा तुटला. तो काकूंनी तिथल्या तिथं सेफ्टीपिन लावून जोडला. नवरा मोहिमेवर निघाला की बायकोला एवढं करावंच लागतं.

आता काकांची माहिती थोडक्यात सांगून टाकतो. यशपालकाका रेल्वेत गेटमन होते. माढ्याकडच्या एका फाटकावर चौतीस वर्षं उभे राहिले. हजारो गाड्या त्यांनी हिरवी झेंडी दाखवून पुढं पाठवल्या, पण स्वतः फारसे कुठं गेले नाहीत. चौदा महिन्यांपूर्वी रिटायर झाले, तेव्हा सरकारी झेंड्या जमा कराव्या लागल्या. त्या दिवशी घरी येऊन जेवलेच नाहीत. शेवटी काकूंनी ब्लाउजपीसच्या दोन नव्या झेंड्या शिवून दिल्या, एक लाल, एक हिरवी. हिरवीला जरा जरीचा काठ आहे, पण लांबून दिसत नाही. त्या दोन झेंड्या, शिट्टी आणि ड्यूटीची डायरी खिशात असल्याशिवाय काका भाजी आणायलासुद्धा जात नाहीत.

कीर्ती ही त्यांची एकुलती एक मुलगी, लग्नानंतर बारा वर्षांनी झालेली. मेकॅनिकल इंजिनिअर. आणि दर रविवारी 'काळी माती रायडर्स' नावाच्या टोळीबरोबर डर्ट बाइक घेऊन रानोमाळ हिंडणारी! डर्ट बाइक म्हणजे उंच, हडकुळी, मडगार्ड आभाळाकडं गेलेली आणि गाठीगाठीचे टायर असलेली गाडी. ती चालवणाऱ्यांना चांगला डांबरी रस्ता दिसला की त्यांचं तोंड कडू होतं आणि खड्डा दिसला की चेहरा फुलतो. सोलापुरात राहून खड्डे शोधायला चाळीस किलोमीटर लांब जायचं, हे शुभदाकाकूंना कधीच पटलं नाही.

पण येत्या बुधवारी कीर्ती चेन्नईला चालली होती. गाड्या बनवणाऱ्या एका कंपनीत, नव्या गाड्या चालवून तपासायची नोकरी. म्हणजे हा तिचा सोलापुरातला शेवटचा रविवार.

सातवीत असताना ही पोर एकदा म्हणाली होती, "पप्पा, तुम्ही सगळ्यांच्या गाड्या पोचवता. माझ्या शाळेत कधी पोचणार?" रागानं नव्हे, वेणी घालता घालता सहज म्हणाली होती. ती विसरूनही गेली असेल. काका विसरले नव्हते. गॅदरिंग असो, बक्षीस समारंभ असो, ड्यूटी बदलायला येणारा माणूस, म्हणजे रिलीव्हर, नेमका त्याच दिवशी आजारी पडायचा. फाटक सोडून तर जाता येत नाही! म्हणून बुधवारच्या आधी एकदा, फक्त एकदा, तिच्याबरोबर तिच्या आवडीच्या ठिकाणी जायचं, एवढंच काकांच्या मनात होतं.

"पुढच्या रविवारी मी पण येतो," असं ते म्हणाले तेव्हा कीर्ती चहाचा कप धरून बघतच राहिली.

"खरंच? रिलीव्हर मिळाला?"

"आता लागत नाही मला रिलीव्हर!" काका म्हणाले. कीर्ती हसली आणि आत निघून गेली. नाक ओढल्याचा आवाज आला, पण तिला सर्दीही होती, त्यामुळं नक्की काही सांगता येत नाही.

काकांची वीस वर्षांची जुनी मोटरसायकल गुफरानच्या गॅरेजमध्ये गेली. गुफरान टोळीचा मेकॅनिक. त्यानं मडगार्ड काढलं, सायलेन्सर वर बांधला, गाठीचे टायर चढवले. गाडी घरी आली तेव्हा शुभदाकाकू म्हणाल्या, "अगं बाई, मुंज झाली का हिची?"

तर ही मुंज झालेली गाडी सहा वाजता बार्शी रस्त्यावरच्या चहाच्या गाड्यापाशी पोचली. काका आणि कीर्ती धरून अकरा जण जमले होते. टोळीचे म्होरके सतीश डॉक्टर. दातांचे डॉक्टर, त्यामुळं बोलताना समोरच्याच्या तोंडात बघायची सवय.

"काका, आपला नियम समजून घ्या," डॉक्टर म्हणाले. "सगळ्यात पुढं मी. सगळ्यात मागं गुफरान, त्याच्या अंगात नारंगी जाकीट. वळण आलं की मी माझ्या मागच्या माणसाला बोट दाखवणार. त्यानं तिथंच थांबायचं आणि मागून येणाऱ्यांना रस्ता दाखवायचा. नारंगी जाकीट दिसलं की तो सुटला. त्याच्या पुढं लागून निघायचं. म्हणजे कुणी चुकत नाही."

"आणि नारंगी जाकीट दिसेपर्यंत?"

"हलायचं नाही!"

काकांचा चेहरा असा उजळला की डॉक्टरांना त्यांचे सगळे दात मोजता आले. "ही तर आमचीच पद्धत!" काका म्हणाले. "डॉक्टर, तुम्ही आता माझी काळजीच करू नका!" सतीश डॉक्टर पुढं बरेच दिवस हे वाक्य आठवून कपाळावर हात मारत होते.

पहिला तास फार सुखाचा गेला. वैरागच्या अलीकडं डांबर सोडलं आणि सगळे मुरमाच्या माळावर घुसले. दोन्ही बाजूंना हुरड्यात आलेली ज्वारी. पुढं कीर्ती, तिच्या मागं काका. ती खड्ड्यातून उडायची, काका त्याच खड्ड्यातून आपटत जायचे. एकदा पाझर तलावाच्या बांधावरून काका गाडीसकट हळूच आडवे झाले. कीर्ती धावत आली. "पप्पा, लागलं?"

"छे! बसून बघत होतो, तलाव केवढा आहे ते."

"तुम्ही माझ्या पुढं व्हा. मी मागून लक्ष ठेवते."

लेकीनं पुढं घातलं, आणि तिथंच घोटाळा झाला! कारण आता काका बरोबर सतीश डॉक्टरांच्या मागं आले. पुढं तीन रस्त्यांचा फाटा होता. एक रस्ता वैरागकडं, एक चिंचखेडवाडीत, आणि एक गाडीवाट खडीच्या खाणीकडं. डॉक्टर गाडीवाटेला वळले आणि काकांकडं बोट दाखवून दिसेनासे झाले.

काका थांबले. गाडी बाभळीला टेकवली. मोबाइल बंद केला, कारण ड्यूटीवर मोबाइल बंद. खिशातून झेंड्या काढल्या. कीर्ती आली, तिला हिरवी झेंडी दाखवली. ती हात हलवत, धूळ उडवत समोरून निघून गेली.

'एकदा तिच्याबरोबर जायचं' म्हणून आलेला बाप पुन्हा फाट्यावर उभा आणि लेक पुढं! काकांना क्षणभर गलबलून आलं. पण मागून दुसरी गाडी येत होती, तिला झेंडी दाखवायची होती. गलबलायला वेळ नव्हता.

कीर्ती धरून आठ जण गेले. मग बराच वेळ कुणी नाही. मग एक काळा माणूस काळ्या गाडीवर आला. अंगाला, तोंडाला, गाडीला सगळीकडं काळ्या रानातला चिखल. फक्त डोळे तेवढे पांढरे.

"चला काका, निघा! मीच आखरी!" आवाजावरून तो गुफरान होता.

काकांनी लाल झेंडी दाखवली. "जाकीट कुठंय?"

"हे काय." गुफराननं मागं बांधलेला चिखलाचा गोळा दाखवला. "कालव्याला पाणी सोडलंय ना, गाडी घसरून आत गेलो."

"हे नारंगी आहे?"

"आतून आहे!"

"आतून मला काय करायचंय?" काका शांतपणे म्हणाले. "मला नारंगी जाकीट सांगितलंय."

"अहो चाचा, मी गुफरान! तुमच्या गाडीचं टायर मीच बदललं की!"

"बाळा, मी तुला ओळखतो. पण तोंड ओळखून फाटक उघडलं की अपघात होतो. आमच्याकडं स्टेशन मास्तर फोनवर दोन आकडी गुप्त नंबर देतो. तो वहीत लिहायचा, मगच फाटक उघडायचं. डॉक्टरांनी तुला काही नंबर दिलाय?"

"नाही."

"मग?"

"पण फाटकच कुठंय हितं?" गुफराननं चहूकडं बघत विचारलं. तिथं एक बाभूळ, एक मोडका बोर्ड आणि काका, एवढंच होतं. "हौ चाचा. तुम्ही जीते. मी पुढं जाऊन डॉक्टरांना सांगतो."

"सांग. चार्ज घ्यायला कुणालातरी पाठवा म्हणावं."

गुफरान सांगणारही होता. पण फिल्टरमध्ये चिखल जाऊन त्याची गाडी मध्येच बंद पडली, फोन आधीच कालव्यात भिजला होता, आणि गाडी ढकलत तो हुरड्याच्या मुक्कामावर पोचला दोन तासांनी. तिकडं सगळ्यांना वाटत होतं, काका गुफरानबरोबर आहेत. कीर्तीलाही.

इकडं वैरागच्या बाजूनं एक ट्रॅक्टर आला. मागं दोन रिकाम्या ट्रॉल्या, गाण्याचा दणदणाट. उसाच्या हंगामातला. चालवणारा शिवशरण अक्कलकोटकडचा. त्याला गाडीवाटेनं पुढच्या फडावर ऊस भरायला जायचं होतं.

काकांनी विचार केला. वाट अरुंद. आपली माणसं त्याच वाटेवर. नारंगी जाकीट अजून यायचं. समोरून कुणी उलट आलं तर? त्यांनी शिट्टी मारली आणि लाल झेंडी आडवी धरली.

गाणं बंद झालं. "काय झालं री साहेब?"

"पुढं गाड्या आहेत. क्लिअर झाल्याशिवाय सोडता येत नाही. हिरवी दाखवेपर्यंत हलायचं नाही."

"हौद्री साहेब," शिवशरण म्हणाला, ट्रॅक्टर कडेला घेतला, ट्रॉलीखाली पोतं अंथरलं आणि झोपला. कारखान्याच्या दारात दोन-दोन दिवस रांगेत उभा राहिलेला माणूस तो. का, किती वेळ, असले प्रश्न त्याला पडत नसत. काकांना तो माणूस पाहताक्षणी आवडला.

मग एसटी आली. ती चिंचखेडवाडीची, तिला अडवायचं कारण नव्हतं. काकांनी तिला रीतसर हिरवी झेंडी दाखवली. पण कंडक्टरनं मान बाहेर काढून सगळं बघितलं, आणि पाच मिनिटांत बातमी गावात पोचली. फाट्यावर रेल्वेचा माणूस आलाय! झेंड्या हायत! ट्रॅक्टर अडवून धरलाय!

दहा मिनिटांत बातमी मोठी झाली. रेल्वेचे साहेब लाइन बघायला येणार! अर्ध्या तासात चिंचखेडवाडीला रेल्वे मंजूर झाली, आणि पाऊण तासात स्टेशन कुणाच्या रानात व्हावं यावरून पारावर दोन गट पडले.

फाट्यावर पहिली आली केसरबाई. शेळ्या चारणारी सत्तरीची म्हातारी. तिच्या शेळ्यांना काकांनी लाल झेंडी दाखवली. शेळ्या निघून गेल्या. केसरबाई मात्र थांबली.

"कुणाची वाट बगतोयस रं बाबा?"

"शेवटच्या माणसाची, मावशी."

"कवा येनार?"

"येईल तेव्हा."

"आन् तवर हितंच?"

"हितंच."

केसरबाईनं फडकं सोडलं. कडक भाकरी, शेंगाची चटणी. "घे. उबं ऱ्हाऊनच खा, तुजी ड्यूटी मोडाया नगं." काका खाऊ लागले तशी ती बाभळीखाली बसली. "एकटाच आलास व्हय?"

"मुलीबरोबर आलो होतो. ती पुढं गेली." मग भाकरी चावता चावता काकांनी तिला सगळं सांगितलं. बुधवार, चेन्नई, शाळा. परक्या म्हातारीला सांगणं सोपं असतं. चटणी संपली तशी केसरबाईनं अजून वाढली.

तेवढ्यात हलगीचा आवाज आला. गाव आलं! पुढं सरपंच शहाजी, डोक्याला फेटा. मागं हार, शाल, नारळ, गळ्यात अडकवायचा स्पीकर, आणि शंभरेक माणसं.

"रामराम साहेब!" सरपंच म्हणाले. "मोठं साहेब किती वाजता येत्यात?"

"कसले साहेब? मी रिटायर आहे हो."

सरपंचांनी मागं वळून डोळा मारला. "बगा. सांगत न्हाईत. असलं गुप्तच असतंय."

"अहो खरंच! मी फक्त शेवटच्या माणसाची वाट बघतोय. तो आला की मी जाणार."

"आमी बी त्येंचीच वाट बगतोय की! तुमी उबं ऱ्हावा. तेवढं स्टेशन गावाच्या खालच्या अंगाला होतंय का बगा."

"खालच्या अंगाला ह्येंचंच रान हाय!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं, आणि स्टेशनचं भांडण पारावरून उठून फाट्यावर आलं. काकांनी शिट्ट्या मारून दोन्ही गटांना रस्त्याच्या दोन कडांना उभं केलं. सगळं गाव झेंडीच्या धाकानं गप उभं राहिलं. शिवशरण झोपलेलाच होता.

तिकडं मुक्कामावर गुफरान गाडी ढकलत पोचला होता आणि "काका कुठंयत?" असा एकच गोंधळ उडाला होता. कीर्तीनं अकरा वेळा फोन लावला. बंद. मग घाबरून आईला लावला.

"आई, पप्पा घरी आले का?"

"नाही. कुठं सोडलंस त्यांना?"

"एका फाट्यावर. डॉक्टर म्हणाले होते, नारंगी जाकीट येईपर्यंत थांबा. आणि जाकीटच..."

"थांबा म्हणाले ना?" शुभदाकाकू पलीकडून शांतपणे म्हणाल्या. "मग रडू नकोस. तिथंच आहेत. उद्या गेलीस तरी असतील."

साडेबाराच्या सुमाराला गाडीवाटेनं धुळीचा लोट आला. "आलं! आलं!" हलगी कडाडली. लोटातून कीर्तीची गाडी बाहेर पडली. हेल्मेट, बूट, अंगभर माती. तिनं ब्रेक मारला, गाडी तशीच टाकली आणि धावली. पण काकांपर्यंत पोचायच्या आधीच सरपंच हार घेऊन आडवे आले.

"या, मॅडम! साहेबांच्या ऐवजी मॅडम आल्या, लई आनंद झाला! आन् बिगर गाडीच्या, म्हंजी बिगर चारचाकीच्या! काय साधेपणा!"

कीर्तीनं हेल्मेट काढलं. एकदा हाराकडं बघितलं, एकदा हलगीवाल्याकडं. "मी मॅडम नाही," ती म्हणाली. "मी यांची मुलगी आहे. यांना न्यायला आलेय."

हलगी थांबली. सरपंचांचे हात हारासकट हवेतच राहिले.

"मग रेल्वे?"

"कसली रेल्वे?"

काकांना वाटलं, जमीन फाटेल तर बरं. चौतीस वर्षांत एक शेळी मेली नाही आणि आज अख्ख्या गावाची रेल्वे मेली! सरपंचांचा चेहरा रागानं तांबडा व्हायला लागला होता. तेवढ्यात बाभळीखालून केसरबाई उठली.

"ए शाज्या! हार आनलास न्हवं? मग घाल की पोरीला! सुकवून काय घरी नेनार हायस? सकाळधरनं बाप उनात उबा हाय हिच्यासाटी. तुजा साहेब आसता तर आला असता का धावत?"

म्हातारीपुढं सरपंचांचं काही चालेना. ते हळू आवाजात म्हणाले, "घालतो की. पर मावशे, सत्कार म्हंजी परिचय लागतो. निस्ता हार कसा घालायचा? कशाबद्दल सत्कार, ते कुनीतरी बोलाया पायजे."

हे मात्र खरं. आपल्याकडं परिचयाशिवाय सत्कार म्हणजे अक्षतांशिवाय लग्न. सरपंचांनी माइक पुढं केला. कीर्ती मागं सरकली. सगळे इकडंतिकडं बघायला लागले.

काकांनी झेंड्या काखेत धरल्या आणि माइक घेतला.

"कीर्ती यशपाल बनसोडे," ते म्हणाले. "इयत्ता चौथी. निबंध स्पर्धा, पहिला नंबर. सत्तावीस जानेवारी. त्या दिवशी मालगाडी दीड तास उभी होती. मी जाऊ शकलो नाही."

हलगीवाल्यानं हलगी खाली ठेवली.

"इयत्ता सातवी. लांब उडी, जिल्ह्यात दुसरी. नऊ डिसेंबर. रिलीव्हर आला नाही. मी जाऊ शकलो नाही. इयत्ता दहावी. एक्क्याण्णव टक्के. शाळेत आईवडिलांना स्टेजवर बोलावलं होतं. सकाळी एका टेम्पोनं फाटकाचा दांडा मोडला. मी जाऊ शकलो नाही. इंजिनिअरिंगचं पदवीदान. रजा मंजूर होती. बूट पॉलिश करून ठेवले होते. आदल्या दिवशी रजा रद्द झाली." काकांनी माइक दुसऱ्या हातात घेतला. "आता चेन्नईला नोकरी लागलीय. नव्या गाड्या आधी ही चालवणार, मग लोक चालवणार. परिचय संपला. मी आज हजर आहे."

मग त्यांनी माइक सरपंचांच्या हातात दिला आणि शर्टाच्या बाहीनं नाक पुसलं. बाही नव्हतीच ती, हिरवी झेंडी होती.

पहिली टाळी केसरबाईची. मग जे सुरू झालं ते विचारू नका! हलगी, शिट्ट्या, टाळ्या! सरपंच स्वतः डोळे पुसत होते. कीर्तीच्या गळ्यात हार पडला, खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला, आणि ती हे सगळं घेऊन काकांना अशी बिलगली की सेफ्टीपिन सुटून चिलखत खाली पडलं. तोवर सतीश डॉक्टर आणि बाकीचेही येऊन पोचले होते. तेही टाळ्या वाजवत होते, कशाबद्दल ते न कळता.

"चला पप्पा," कीर्ती म्हणाली.

"रिलीव्हर आल्याशिवाय कसा येऊ?"

कीर्तीनं त्यांच्या खिशातली डायरी काढली. त्यात लिहिलं, 'चार्ज घेतला,' खाली सही केली, वेळ टाकली. "आले मी रिलीव्हर. निघा आता."

काकांनी सही तपासली. मगच गाडीला किक मारली.

मुक्कामावर हुरडा होता. डॉक्टरांनी स्वतः कणसं चोळून दिली. गुफराननं जाकीट विहिरीवर धुऊन आणून काकांपुढं धरलं. "आता तरी नारंगी दिसतंय का?" सगळे हसत होते. काका हसत हसत मूठभर हुरडा तोंडात टाकणार, तोच हात तिथंच थांबला.

"शिवशरण!"

"कोण शिवशरण?"

"माझा ट्रॅक्टर! त्याला हिरवी दाखवायची राहिली!"

"अहो काका, तो केव्हाच गेला असेल," डॉक्टर म्हणाले.

"जाणार नाही. मी हलू नको म्हणालोय. तो तसला माणूस नाही." काका उठून हेल्मेट घालायला लागले. कीर्तीनंही हातातला हुरडा खाली ठेवला. "थांबा. मी पण येते."

अकरा किलोमीटर, आणि दोघंच. ना पुढं म्होरक्या, ना मागं जाकीट. कलत्या उन्हात ज्वारीतून दोन गाड्या शेजारी शेजारी चालल्या होत्या. कीर्तीनं मुद्दाम वेग कमी ठेवला होता. काकांनी मुद्दाम तो आणखी कमी केला. एका चढावर काकांची गाडी बंद पडली, तेव्हा ती म्हणाली, "पप्पा, मला वाटायचं, तुम्हाला माहीतसुद्धा नसेल मी कशात कितवी आले."

"मला सगळं माहीत होतं. फक्त तिथं नव्हतो."

"मग कधी बोलला का नाही?"

"काय बोलणार? आला नाही तो माणूस काय सांगणार?"

कीर्तीनं त्यांच्या गुडघ्यांच्या वाट्या सोडल्या आणि बरोबर गुडघ्यांना बांधून दिल्या. सकाळपासून उलट्या होत्या, आणि हे तिनं पहाटेच पाहिलं होतं.

फाट्यावर ट्रॅक्टर होता. ट्रॉलीखाली शिवशरण बसून तंबाखू मळत होता.

"आली काय री साहेब शेवटची गाडी?"

काकांनी एकदा कीर्तीकडं बघितलं. "आली," ते म्हणाले, आणि जरीच्या काठाची हिरवी झेंडी वर केली.

शिवशरणनं ट्रॅक्टर चालू केला. चार हात पुढं गेला. थांबला. मान वळवून म्हणाला, "पर साहेब, ऊसतोड टोळी आता घरला गेली की! फडावर कोन न्हाय. आता मी तिकडं जाऊन काय करू? मला मागं वळवून द्या."

दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर अरुंद फाट्यावर वळवणं म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच ठाऊक! पाऊण तास लागला. पुढच्या बाजूला काका झेंड्या घेऊन उभे. मागच्या बाजूला कीर्ती, गळ्यात सुकलेला हार, तोंडात काकांची शिट्टी. "घ्या मागं! अजून! थांबा!"

मध्येच तिचा फोन वाजला.

"अगं आहात कुठं?" शुभदाकाकू विचारत होत्या. "सापडले ना ते? मग अजून काय करताय दोघं?"

कीर्तीनं शिट्टी बाजूला केली. "आई, नंतर बोलते. आम्ही ड्यूटीवर आहोत," ती म्हणाली, आणि तिनं मोबाइल बंद केला.